पाच अल्बम आणि पाच कवळ्या

मी ऐकण्यातला पक्का माणूस आहे. यात कसली फुशारकी, असं तुम्हाला वाटेल. पण चार तास एका मांडीवर बसून कीर्तन ऐकून दाखवा, मग बोलू. गेली सदतीस वर्षं मी ऐकतोय. पूर्वरंग संपून बुवा पाणी प्यायला थांबले की निम्मे श्रोते टेकायला भिंत शोधत मागे सरकतात. मी सरकत नाही. खोकला आला तर पुढच्या टाळ्यांपर्यंत दाबून धरतो. बेसूर बुवा मी ऐकलेत, घसा बसलेले बुवा ऐकलेत. एकदा तर उचकी लागलेले बुवा सबंध उत्तररंगभर ऐकले, आणि शेवटी शेवटी ती उचकी बरोबर मृदंगाच्या समेवर यायला लागली तेव्हा मनापासून दादही दिली.

त्यामुळे लेकीने पाच अल्बम ऐकायला पाठवलेत, असं हिने जेव्हा सांगितलं, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाचच? दहा पाठव म्हणावं."

ही म्हणजे माझी बायको. "आधी एक ऐका," ती म्हणाली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमची लेक गाते. परगावी राहते, दिवसा नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करते आणि बाकी वेळात गाते. म्हणजे ती त्याला गाणं म्हणते. त्या प्रकाराचं नाव ब्लॅक मेटल. गिटार, ड्रम, आणि त्यावर एक माणूस असा किंचाळतो की जणू त्याचा पाय दारात सापडलाय आणि दार कोणी उघडत नाहीये. आठ महिन्यांपूर्वी तिने स्वतःच्या गाण्याचा एक तुकडा मला फोनवर पाठवला होता. घरात पहिल्यांदा मला. मी तो ऐकला आणि बापाच्या मायेने तिला फोन केला. म्हटलं, "बाळा, घसा एकदा दाखवून घे. आमच्या डॉक्टरबाईंच्या ओळखीचे एक घशाचे डॉक्टर आहेत. मी मंगळवारची वेळ घेतलीय."

त्या मंगळवारी ती आली नाही. त्यानंतरच्या एकाही मंगळवारी आली नाही. फोन आईला यायचा. मी शेजारी बसून ऐकायचो. "बाबांना सांग, रक्तदाबाची गोळी चुकवू नका." मी तिथेच, हातभर अंतरावर, आणि माझ्यासाठी निरोप. आठ महिने मी माझ्याच घरात निरोपावर जगलो.

आता तिचा पहिला अल्बम तयार झाला होता. शनिवारी संध्याकाळी सहाला ती घरी येणार होती आणि तो आम्हाला ऐकवणार होती. हिने मध्यस्थी करून करून एवढं जुळवून आणलं होतं. पण लेकीची अट होती. कच्च्या माणसाने तिचा अल्बम थेट ऐकायचा नाही. आधी या प्रकारातले पाच मुख्य अल्बम ऐकायचे, दिलेल्या क्रमाने, दिलेल्या सूचनांप्रमाणे. मग तिचा.

"आणि ती विचारणार आहे," ही म्हणाली. "प्रत्येकाबद्दल. अहो, या खेपेला काय ते नीट बोला. परत घसा काढलात तर ती थेट स्टेशनवर जाईल, आणि मी तिच्याबरोबर जाईन."

मी चष्मा पुसून फोन हातात घेतला.

यादी उघडली. नावं वाचता येईनात. म्हणजे परकी भाषा वगैरे ठीक आहे, पण या मंडळींची नावं लिहिण्याची एक रीत असते. एखादं झुडूप मुळासकट उपटून त्याचा फोटो काढावा, तसं प्रत्येक नाव. पाच अल्बम, पाच झुडपं. मी सरळ नंबर टाकले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. रोज एक. सोमवार ते शुक्रवार. शनिवारी परीक्षा.

सोमवारी सकाळी आंघोळ उरकून, देवाला नमस्कार करून पहिला लावला. लेकीची सूचना होती, 'रेकॉर्डिंगच तसं आहे. कानाला त्रास होईल. मध्ये थांबायचं नाही.' मी मांडी घालून बसलो. अर्ध्या मिनिटात ही साबणाच्या हातांनी धावत आली.

"धुण्याच्या मशीनचा पट्टा तुटला का?"

"नाही गं. हाच तो. पहिला."

"बंद करा."

"थांबायचं नाही असं लिहिलंय."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दाढीला फेस लावलेल्या अवस्थेत उभे होते. "वहिनी, सगळं ठीक आहे ना?" त्यांनी हिला विचारलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांना हिला माझ्या तावडीतून सोडवायचं होतं. पुढची चाळीस मिनिटं मी ते पांघरुणाखाली ऐकलं. बाहेर आलो तेव्हा ही म्हणाली, "उद्यापासून हे घरात नको."

मग उरलं कामाचं ठिकाण.

मी कवळ्या बनवतो. एका दातांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला माझी खोली आहे. आठ बाय दहाची. जबड्यांचे साचे, मेण, प्लास्टर, घासायची मोटर, आणि शेल्फवर ओळीने डब्या. एका डबीत एक कवळी. पुढे डॉक्टरबाई पेशंट बघतात, त्यांच्या बाहेर बाकांवर लोक बसतात, आणि त्या बाकांच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये फक्त एक लाकडी फळ्यांची भिंत आहे. डॉक्टरबाईंची घंटा ऐकू यायला हवी, म्हणून मला कानात काही घालता येत नाही. लहानसा स्पीकर असतो. त्यावर बारा वर्षं कीर्तनं चालतात. आजवर कोणाची तक्रार नाही. उलट एक बाई दात नीट झाल्यावरसुद्धा पुढचं आख्यान ऐकायला येऊन बसायच्या.

मंगळवारी दुसरा. सूचना होती, 'अंधारात. खिडकी उघडी, थंड वारा हवा. बेचाळीस मिनिटं. हलायचं नाही.' मी दिवा घालवला, खिडकी उघडली, स्पीकर लावला. ड्रमवाला इतका वेगात की मला पहिल्यांदा वाटलं, मोटर चालू राहिली. बंद करायला हात लावला तर ती बंदच होती. वर तो आवाज. लांबून, जंगलातून, बर्फातून कोणीतरी ओरडतंय असा. मी हललो नाही.

बाराव्या मिनिटाला दार वाजलं. रिसेप्शनवरच्या ताई होत्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या.

"काका, आत कोणाचा दात काढताय?"

"मी दात काढत नाही, ताई. मी दात करतो."

"मग ओरडतंय कोण?"

"ते गातायत."

"काका, बाहेर तीन पेशंट होते."

"बरं, मग?"

"होते."

थोड्याच वेळात डॉक्टरबाईंची घंटा वाजली. मी हात पुसत पुढे गेलो. खुर्ची रिकामी, बाकं रिकामी. "भाऊ," त्या म्हणाल्या, "अक्कलदाढेची बाई खुर्चीतून उठून गेली. अर्धी भूल घेऊन. अर्ध्या तोंडाने मला काय म्हणाली तेही कळलं नाही. बुवांना काय झालं?"

मी सगळं सांगितलं. लेक, आठ महिने, शनिवार, सहा. डॉक्टरबाई कडक आहेत, पण त्यांनाही एक मुलगा आहे आणि तोही त्यांच्याशी मोजकंच बोलतो. त्यांनी हातमोजे काढले. "आवाज बारीक. दार बंद. आणि शनिवारी पाचला निघा."

आता माझ्या टिपणांबद्दल सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. कीर्तन ऐकताना टिपणं काढायची मला सवय आहे. मुख्य ओवी कोणती, निरूपणात काय आलं, दृष्टान्त कुठला, असं. ती टिपणं मी दवाखान्याच्या कार्डांवर काढतो, कारण ती शर्टाच्या खिशात बसतात. ही कार्डं कवळीच्या डबीबरोबर पेशंटला द्यायची असतात. पुढे डबीचा नंबर, मागे माझ्या हाताने लिहिलेल्या सूचना. झोपताना काढून पाण्यात ठेवावी, आठवडाभर कडक खाऊ नये, वगैरे. डॉक्टरबाईंचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे.

तर त्या आठवड्यात मी अल्बमची टिपणंही तशीच काढली. पुढे नंबर, मागे टिपण. फक्त खिशात ठेवली नाहीत. प्लास्टर लागून अक्षर पुसायला नको, शनिवारी त्यांच्यावरच माझं सगळं अवलंबून होतं. शेल्फवर, ओळीने, एक ते पाच उभी केली. आणि त्या आठवड्यात शेल्फवर कवळ्याही पाचच होत्या.

बुधवारी तिसरा ऐकला. त्यात मागे ऑर्गनसारखं काही होतं, जरा सोसलं. मुखपृष्ठावर चार माणसं, तोंडं पिठासारखी पांढरी, डोळ्यांभोवती काजळी. मी घाबरून लेकीच्या यादीत पाहिलं तर तिने लिहिलं होतं, 'घाबरू नका, ते मुद्दाम करतात.' शब्द कुठे कुठे कळत होते. देवावर फार राग होता त्यांचा. आधी मला कसंतरीच झालं. स्पीकरवर हात ठेवून मनातल्या मनात म्हटलं, देवा, तुझ्याच नावाने बारा वर्षं वाजतोय हा, चार दिवस चालवून घे. मग वाटलं, इतका राग यायचा तर समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं. भिंतीवर कोणी रागवत नाही. आमच्या कीर्तनातले भक्त तरी देवाला कुठे कमी बोलतात? हेही टिपून ठेवलं.

गुरुवारचा चौथा. तो एकाच माणसाने केलेला होता. गिटार तोच, ड्रम तोच, ओरडणारा तोच. कुठल्याशा खोलीत एकट्याने बसून. पहिली वीस मिनिटं मला कंटाळा आला. एकच सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच. आणि मग कधीतरी त्या खरखरीच्या खाली तो सूर मला सापडला. आमच्याकडे बुवा बोलत असतात तेव्हा मागे पेटीचा एक स्वर धरलेला असतो ना, तसा. सगळं त्याच्यावर उभं होतं. मी कवळी हातात तशीच धरून बसलो. आमची लेक भाड्याच्या खोलीत एकटी राहते. काम संपवून येते, दार लावते, आणि गाते. कोणासाठी? पहिल्यांदा ज्याला ऐकवलं, त्याने डॉक्टरांची वेळ घेतली.

त्या दिवशी त्या कवळीच्या दाढा मला दोनदा घासाव्या लागल्या. पहिल्यांदा नीट दिसत नव्हतं.

शुक्रवारचा पाचवा नवीन होता, शेवटाकडे एकदम मोकळा होत जाणारा. तेही टिपलं. पाच कार्डं पुरी झाली. मी ती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा पाठ म्हणून पाहिली, आणि शेल्फवर परत ठेवून घरी गेलो. छातीवरचं ओझं जरा उतरलं होतं.

शनिवारी सकाळी आलो. शेल्फवर डब्या नव्हत्या. कार्डं नव्हती. मोटरच्या मागे, जिथे मी कवळ्यांच्या खऱ्या सूचनांची कार्डं ठेवली होती, ती पाचही मात्र शहाण्यासारखी उभी होती.

"ताई," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आला.

"काका, काल तुम्ही गेल्यावर मी डब्या देऊन टाकल्या. पाचही जण येऊन गेले. कार्डं तुम्ही लिहून ठेवलीच होती, नंबर बघून एकेक लावलं."

"वाचलं नाहीस?"

"तुमचं अक्षर चांगलं असतं, काका. वाचायची वेळ येत नाही."

मी स्टुलावर बसलो. खरं सांगतो, पहिला विचार माझ्या मनात पेशंटचा आला नाही. पहिला विचार आला, आता मी लेकीला काय सांगणार? डोक्यात एकाही अल्बमचं एकही वाक्य शिल्लक नव्हतं. नुसती खरखर. दुसरा विचार पेशंटचा आला, आणि तो येतोय तोवर फोन वाजला.

एका शिंप्याच्या बायकोचा फोन होता. पहिली डबी.

"तुम्ही लिहिलंय, 'सुरुवातीला फार त्रास. थांबायचं नाही. चाळीस मिनिटांनी आपण कोण हेच आठवत नाही.'"

"हो, ते जरा—"

"अहो, काल संध्याकाळपासून घालून बसलेत. त्यांना सगळं आठवतंय. माझ्या माहेरचं वीस वर्षांपूर्वीचंही आठवतंय. कवळीत काही बिघाड आहे का?"

मी त्यांना समजावत होतो तोवर दुसरी डबी स्वतः चालत आली. एक फुलवाल्या मावशी. नाकाला रुमाल, रुमालात कवळी, आणि दर दोन वाक्यांना शिंक.

"सांगितलं तसं सगळं केलं हो," त्या म्हणाल्या. "दिवा घालवला. खिडकी उघडली. बेचाळीस मिनिटं हलले नाही. सून म्हणाली, आई, हे काय चाललंय? म्हटलं, डॉक्टरांची सूचना आहे, गप्प बस. शेवटी तीही येऊन बसली." शिंक. "आता कवळी घातली की शिंक येते, आणि शिंक आली की कवळी येते."

"मावशी, चूक माझी आहे."

"ते राहू द्या. आज किती मिनिटं बसायचं?"

तिसरी डबी एका गवंड्याची होती. त्याने फोनवर इतकंच विचारलं, की तोंड पांढरं आणि डोळ्यांभोवती काळं कधीपासून दिसायला लागेल, कारण तो सकाळपासून आरशापुढे उभा आहे आणि पांढरं तर झालंय, पण ते चुन्यामुळे असू शकेल.

डॉक्टरबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. "अजून किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"त्यांच्या कार्डांवर काय आहे?"

चौथ्याचं मला सांगायची गरजच पडली नाही. ते स्वतः आले. निवृत्त हेडमास्तर, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेले, इस्त्रीचा शर्ट. खिशातून त्यांनी कार्ड काढलं, चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "'एकटा माणूस. सगळं स्वतःच करतो. ऐकायला कोणी नाही तरी थांबत नाही. आधी कंटाळा येतो. मग एकदम डोळ्यांत पाणी.'" त्यांनी चष्मा काढला. "हे कोणी लिहिलं?"

"मी. सर, माफ करा, ते तुमच्याबद्दल नव्हतं."

"मग कोणाबद्दल होतं?"

"एका गाणाऱ्याबद्दल. मला ते कार्ड परत हवं होतं. आज सहा वाजता माझी परीक्षा आहे."

हेडमास्तरांनी कार्ड घडी न घालता परत खिशात ठेवलं. वर हातही ठेवला. "नाही देणार," ते म्हणाले. "आयुष्यभर मी मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. माझ्यावर कोणी लिहिला नव्हता." आणि मग दारातून वळून म्हणाले, "कवळी उत्तम बसलीय. दाढांचं काम विशेष."

पाचवी डबी. पाचवी डबी आठवली आणि मी फोनवर झडप घातली. पाचवी होती एका शहाऐंशी वर्षांच्या आजोबांची. आणि त्या कार्डावर मी लिहिलं होतं, 'शेवट जवळ आला की उजेड दिसतो. एकेक आवाज थांबत जातो. मग फार शांत वाटतं. भीती राहत नाही.'

फोन लावला तर कोणी उचलेना. "जा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चार वाजलेत. स्वतः जा, आणि तसंच पुढे घरी जा."

आजोबांचं घर दोन बस बदलून. दारात चपलाच चपला. आत शिरलो तर सगळं खानदान बसलेलं, आणि मधोमध पलंगावर आजोबा, नव्या कवळीसकट ताठ. शेजारी उशाला कार्ड.

त्यांची थोरली मुलगी मला बाजूला घेऊन कुजबुजली, "काल दवाखान्यातून आल्यापासून म्हणतायत, डॉक्टरांनी लेखी दिलंय. एकेकाला बोलावून माफ करतायत. सात जण झाले. धाकट्याशी अकरा वर्षं बोलत नव्हते, त्यालाही माफ केलं. तो तिकडे रडतोय. तुम्ही कोण?"

"मी कवळीवाला."

"मग तुम्ही आठवे. बसा."

मी बसलो नाही. हात जोडून सगळं सांगितलं. एका दमात. लेक, यादी, टिपणं, शेल्फ. खोलीत अशी शांतता पसरली की पाचव्या अल्बममध्येही नव्हती. आजोबांनी कार्ड पुन्हा वाचलं. उलटं करून पाहिलं. "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"काही नाही. फक्त आठवडाभर कडक खाऊ नका."

आजोबांनी विचार केला. "मग धाकट्याची माफी रद्द," ते म्हणाले.

त्यावरून जो गोंधळ उठला, तो मिटवायला मला आणखी पाऊण तास लागला. मी, जो स्वतःच्या लेकीशी आठ महिने बोललेला नाही, तो दुसऱ्याच्या बापाला हात जोडून सांगत होतो की आजोबा, एकदा दिलेलं परत घेऊ नका, तो आलाय ना, समोर आहे ना, मग बास झालं. शेवटी आजोबा म्हणाले, "बरं. अर्धी ठेवतो." तेवढ्यावर मी निघालो. सहाला वीस मिनिटं कमी होती आणि दोन बस बाकी होत्या.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी घरात शिरलो. लेक आली होती. बारीक झाली होती. टेबलावर तिने स्वतःचा स्पीकर ठेवला होता आणि त्याची वायर ती उगाचच सरळ करत होती. मला एकदम कळलं की तीही घाबरलीय. माझ्याहून जास्त.

"आलात," ती म्हणाली. आठ महिन्यांनी पहिला शब्द. थेट मला.

"आलो." आणि मग, ती काही विचारायच्या आतच, माझ्या तोंडून घडाघडा सुरू झालं. "पहिला शिंप्याला गेला. दुसऱ्याने सर्दी झाली. तिसऱ्याचा माणूस अजून आरशापुढे आहे. चौथा हेडमास्तर परत देत नाहीत, आणि पाचव्यामुळे एका धाकट्या मुलाला अर्धी माफी मिळाली."

ही डोक्याला हात लावून खाली बसली. लेकीने वायर सोडली. "बाबा, ऐकलेत का पण?"

"पाचही. क्रमाने. न थांबता."

"आणि?"

"चौथ्याला रडलो," मी म्हणालो. टिपणांत नव्हतं ते.

तिने मान खाली घातली आणि स्पीकर सुरू केला.

आता हे मी कसं सांगू? आठवडाभर तयारी झाली होती म्हणून असेल. खरखर आली, ड्रम आले, आणि त्यांच्यावर तिचा आवाज आला. मी पाठ सरळ करून बसलो. हा आवाज मी आठ महिन्यांपूर्वी ऐकला होता, पण तेव्हा फक्त घसा ऐकला होता. आता कळत होतं, ती श्वास कुठे घेते. फार कमी ठिकाणी घेत होती. खालचा धरलेला सूर तिने एकदाही सोडला नाही. वर इतकं फाडून टाकणारं किंचाळणं आणि खाली ते बोटभरही न ढळणं, हे सहज येत नाही. त्यामागे वर्षं असतात. मी ज्याला आजार म्हणालो होतो, तो रियाज होता. गाणं वाढत गेलं, वाढत गेलं, आणि एका ठिकाणी सगळं एकदम थांबलं. पूर्ण शांतता.

कीर्तन संपलं की मी उठून बुवांच्या पाया पडतो. बुवा पंचविशीचे असोत की पंचाहत्तरीचे, तिथे वय बघायचं नसतं, जो गायला त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. सदतीस वर्षं गुडघ्यांना ही सवय. त्या शांततेत ते गुडघे मला न विचारता उठले, दोन पावलं पुढे गेले आणि मी लेकीपुढे वाकलो. ही "अहो, अहो" म्हणतेय तोवर माझं डोकं तिच्या पावलांवर होतं.

आणि तिथे माझी कंबर धरली.

कट्, असा आवाजही आला. खाली गेलेला मी वर येईना. लेक पाय मागे घ्यायला बघत होती, "बाबा, अहो बाबा, काय करताय," आणि तिचा आवाज पाण्याने भरला होता. मी फरशीकडे बघत तसाच राहिलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा," नाक ओढत ती म्हणाली, "हे पहिलंच गाणं होतं. अजून सहा आहेत."

ती सहाही मी तिथेच, त्याच अवस्थेत ऐकली. तिला वाटलं, बाबा भारावून गेलेत, म्हणून उठत नाहीत. मी काही बोललो नाही. सकाळपासून लोकांचे गैरसमज दूर करून मी फार थकलो होतो.